जहाज कंपन्यांचे शेअर : पारख कशी करावी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनातील व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, इतिहास किंवा समाजकार्य यांपैकी एखादा विषय श्रोत्यांना अपेक्षित असतो. यंदा कार्यकारी मंडळाने मला पैशाच्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. ज्याचे सारे आयुष्य जहाजधंद्याचे हिशेब तपासण्यात गेले, त्याच्याकडून दुसऱ्या कशाची अपेक्षा करणार! परंतु हा विषय निवडण्यास त्याहून सबळ कारण आहे. आपली ज्ञाती किनाऱ्यावरची. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील आपली कित्येक घरे पिढ्यानपिढ्या जहाजावरील पगारावर चालत आली आहेत. एके काळी या पगारातील शिल्लक पोस्टात किंवा सोन्यात जाई. आता मोबाइलवर घटकाभरात शेअर खरेदी करता येतात. २०२१ नंतर जहाज कंपन्यांच्या शेअरांचे भाव चढले आणि तेव्हापासून आपल्यातील अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला : "आम्हांला जहाजातले कळते, मग जहाज कंपनीचेच शेअर आम्ही का घेऊ नयेत?"

प्रश्न साधा आहे, पण त्यामागे उभी असलेली रक्कम साधी नाही. कोणाच्या बाबतीत ती निवृत्तीनंतर हाती आलेली पुंजी आहे, तर कोणाच्या बाबतीत मुलीच्या उच्च शिक्षणासाठी बाजूला काढलेले पैसे आहेत. यास्तव मी आज अमुक शेअर घ्यावा किंवा अमुक विकावा, असे काहीही सांगणार नाही. तो माझा अधिकार नाही. जहाज कंपनी ही वस्तू मुळात काय आहे, तिचा नफा कोठून येतो, आणि तिची किंमत करताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, एवढेच यथाशक्ति मांडणार आहे.

प्रथम एक गोष्ट मनातून दूर ठेवली पाहिजे, ती म्हणजे भावना. जहाजधंद्याशी आपल्या देशाच्या स्वाभिमानाचा इतिहास जोडलेला आहे. १९०६ साली तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तिचे भांडवल दहा लाख रुपयांचे होते आणि एकेक शेअर पंचवीस रुपयांचा होता. लोकांनी ते शेअर देशकार्य म्हणून घेतले. ब्रिटिश इंडिया कंपनीने उतारूंचे भाडे इतके पाडले की, अखेरीस फुकट नेण्यापर्यंत मजल गेली. १९०८ मध्ये चिदंबरम यांना अटक होऊन कठोर शिक्षा झाली आणि १९११ मध्ये कंपनी मोडीत निघाली. पुढे १९१९ साली आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. त्या वर्षीच्या ५ एप्रिल रोजी तिचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? ते जहाज १८९१ पासून सेवेत असलेले, म्हणजे अठ्ठावीस वर्षांचे जुने होते. पुढच्या चार-पाच वर्षांतच ते मोडीत निघाले, आणि परकीय कंपन्यांच्या भाडेयुद्धात सिंदियाला कित्येक वर्षे झगडावे लागले.

या थोर पुरुषांविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि त्यांच्या इतिहासातून गुंतवणूकदाराने घ्यावयाचा धडा निराळा आहे. ज्यांनी देशकार्यासाठी पैसे दिले, त्यांना त्याचे फळ मिळाले. ते फळ लाभांशाचे नव्हते, एवढेच. दान द्यावयाचे असेल तर दान म्हणून द्यावे. पण ज्या पैशावर वृद्धापकाळ काढावयाचा आहे, तो पैसा 'आपला धंदा', 'आपला समुद्र' अशा शब्दांवर विसंबून गुंतवू नये.

आता मूळ विषयाकडे वळू. जहाज कंपनी म्हणजे काय? साबण करणारी कंपनी घ्या. तिला नाव असते, तिचे गिऱ्हाईक ठरलेले असते, कच्चा माल महागला तर ती साबणाचा भाव थोडा वाढवू शकते. जहाज कंपनीला यातले फारसे काही लागू पडत नाही. ब्राझीलहून चीनला लोहखनिज पाठविणारा व्यापारी जहाजावरील झेंडा किंवा मालकाचे नाव पाहून अधिक पैसे देत नाही. जहाज सुरक्षित आहे ना, आणि त्याचे भाडे सर्वांत कमी आहे ना, एवढेच तो पाहतो. म्हणून बहुतेक जहाज कंपन्यांना आपल्या मालाचा भाव स्वतः ठरविता येत नाही. तो जगाच्या बाजारात ठरतो आणि कंपनीला तो निमूटपणे घ्यावा लागतो.

या भाड्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात एका फेरीपुरता करार होतो. इंधन, बंदरांचे आकार, कालव्याची पट्टी हा सारा खर्च मालकाच्या शिरावर असतो. भाड्यातून हा खर्च वजा करून, उरलेल्या रकमेस फेरीच्या दिवसांनी भागले की जहाजाची रोजची निव्वळ मिळकत निघते. दुसऱ्या प्रकारात जहाज सहा महिने, एक वर्ष किंवा तीन वर्षे अशा ठरावीक मुदतीसाठी रोजच्या ठरलेल्या दराने दुसऱ्याच्या हाती दिले जाते. खलाशी, विमा आणि दुरुस्ती मालकाची. इंधन आणि बंदराचा खर्च भाडेकऱ्याचा. पहिल्या प्रकारात तेजीचा पुरा लाभ होतो आणि मंदीचा पुरा फटका बसतो. दुसऱ्यात दोन्हींना आळा बसतो. याखेरीज मिळकतीचा तिसरा मार्ग आहे, तो म्हणजे जहाजच विकणे. पुष्कळ कंपन्यांनी मालवाहतुकीपेक्षा योग्य वेळी जहाजे घेण्याविकण्यात अधिक पैसा मिळविला आहे, ही गोष्ट बाहेरच्या माणसास सहसा ठाऊक नसते.

भाड्याचा बाजार किती चंचल असतो, याचे एकच उदाहरण देतो. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजतर्फे कोळसा, खनिज, धान्य असा सुटा माल वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक प्रसिद्ध होतो. १९८५ साली त्याचा आरंभ एक हजार अंकांपासून झाला. चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढत जाऊन २० मे २००८ रोजी हा निर्देशांक ११,७९३ वर पोहोचला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली, बँकांनी परस्परांची पतपत्रे स्वीकारण्यास टाळाटाळ केली, आणि ५ डिसेंबर रोजी निर्देशांक ६६३ वर येऊन पडला. सात महिन्यांच्या आत शंभरातले चौऱ्याण्णव गेले! सर्वांत मोठ्या खनिजवाहू जहाजाची रोजची मिळकत जूनमध्ये दोन लाख तीस हजार डॉलरच्या वर होती, ती डिसेंबरात अडीच हजारांच्याही खाली आली. एवढ्यात तर खलाशांचा पगार आणि विमाही भागत नाही. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये हाच निर्देशांक २९० पर्यंत उतरला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा साडेपाच हजारांच्या वर गेला.

असे का होते? कारण जहाजांचा पुरवठा आजच्या गरजेप्रमाणे आज वाढविता येत नाही. नव्या जहाजाची मागणी नोंदविल्यापासून ते हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे लागतात, आणि जगातील बहुतेक सारी मोठी जहाजे चीन, दक्षिण कोरिया आणि जपान या तीन देशांतच बांधली जातात. तेजीत जहाजे कमी पडतात म्हणून भाडे गगनाला भिडते. ते पाहून सारे मालक एकदम नवी जहाजे मागवतात. ती पाण्यात उतरेपर्यंत तेजी ओसरलेली असते. एकदा उतरलेले जहाज वीस-पंचवीस वर्षे जगते. ते काही पावसाळ्यातील छत्रीप्रमाणे मिटून ठेवता येत नाही. आपल्याकडे एका वर्षी कांद्याला भाव आला की पुढच्या वर्षी जो तो कांदा लावतो आणि मग कांदा रस्त्यावर टाकण्याची वेळ येते; तोच हा प्रकार. फरक इतकाच की, कांद्याचे चक्र वर्षाचे, जहाजाचे दशकाचे.

मागणीच्या बाजूला केवळ मालाचे वजन पाहून चालत नाही, अंतरही पाहावे लागते. जून १९६७ मध्ये सुवेझ कालवा बंद झाला तो जून १९७५ पर्यंत. तेलवाहू जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. तेवढेच तेल नेण्यास अधिक जहाजे लागू लागली, भाडी चढली, आणि मालकांनी प्रचंड आकाराच्या जहाजांच्या मागण्या नोंदविल्या. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले, खप घटला आणि कोरी जहाजे नॉर्वेच्या खाड्यांत नांगर टाकून पडून राहिली. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हाही हेच घडले. मुंबईहून उत्तर युरोपकडे जाणाऱ्या जहाजाला केपच्या वळशाने चार हजारांहून अधिक सागरी मैल जादा जावे लागते. म्हणजे जगाचे संकट हा कित्येकदा जहाजमालकाचा सुकाळ असतो. परंतु संकटावर उभा राहिलेला नफा संकटाबरोबरच जातो, हे भागधारकाने विसरू नये.

येथे नवशिक्या गुंतवणूकदाराची सर्वांत मोठी फसगत होते. शेअरची किंमत त्याच्या वार्षिक नफ्याच्या कितीपट आहे, हे पाहण्याची आपणांस सवय असते. वीसपट असेल तर महाग, पाचपट असेल तर स्वस्त, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. जहाज कंपनीच्या बाबतीत तो नेमका उलटा पडतो. तेजीच्या शिखरावर नफा इतका फुगलेला असतो की, शेअरचा भाव चढलेला असूनही तो नफ्याच्या दोन-तीनपटच दिसतो. मंदीच्या तळाशी नफा नाहीसा झालेला असतो, म्हणून शेअर पडलेला असूनही महाग भासतो. डेन्मार्कच्या मर्स्क या सुप्रसिद्ध कंपनीला २०२२ साली सुमारे २९ अब्ज डॉलर नफा झाला. २०२३ साली तो सुमारे ४ अब्जांवर आला. ज्याने २०२२ च्या नफ्यावरून भाव 'स्वस्त' ठरविला, त्याने पायाखालची जमीन न पाहता घर बांधले. लाभांशाचेही तसेच आहे. जहाज कंपनीने यंदा भरघोस लाभांश दिला, हे वाचून धावत सुटणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे की, हा लाभांश कोणत्या भाड्यावर मिळाला, आणि ते भाडे पुढच्या वर्षी राहील काय?

मग पारख कशी करावी? माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे पाच प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे कंपनीच्या वार्षिक अहवालातून बहुधा मिळतात.

पहिला प्रश्न : कंपनीजवळ जहाजे कोणती आणि किती वयाची आहेत? जहाज हे गाईगुरांसारखे आहे. त्याचे वय पाहिल्याशिवाय मोल करू नये. दर पाच वर्षांनी जहाजाची मोठी तपासणी होते, सुक्या गोदीत न्यावे लागते, आणि जहाज जितके जुने तितका हा खर्च वाढतो. पंधरा वर्षांपुढील तेलवाहू जहाजे मोठ्या तेलकंपन्या सहजासहजी घेत नाहीत. शिवाय नियम बदलतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. २०२३ पासून जहाजांच्या कार्बन उत्सर्जनाची वार्षिक प्रतवारी सुरू झाली. जुन्या यंत्राच्या जहाजाला हे नियम जड जातात. अखेरीस जहाज अलंगच्या किनाऱ्यावर जाते, आणि तेथे त्याला केवळ पोलादाच्या वजनाचा भाव मिळतो.

दुसरा प्रश्न : सारी जहाजे आज विकली, बँकांचे कर्ज फेडले, तर एका शेअरमागे काय उरेल? ताळेबंदातील किंमत येथे उपयोगी पडत नाही. ती मूळ खरेदीतून घसारा वजा करून आलेली असते. बाजारभाव तिच्यापेक्षा कितीतरी अधिक किंवा कमी असू शकतो. ग्रेट ईस्टर्न शिपिंगसारखी कंपनी बाजारभावावर काढलेले हे निव्वळ मूल्य आपल्या निकालांबरोबर प्रसिद्ध करते, ही प्रथा स्तुत्य आहे. पण येथेही सावधपणा हवा. शेअरचा भाव या मूल्यापेक्षा कमी आहे, एवढ्यावरून तो स्वस्त ठरत नाही. कारण त्या वेळी जहाजांच्याच किमती शिखरावर असतील तर ते मूल्य उद्या वितळेल. शिखराची एक खूण सांगून ठेवतो. पाच वर्षे वापरलेले जहाज नव्या जहाजापेक्षा महाग विकले जाऊ लागले, म्हणजे बाजाराला ज्वर चढला असे समजावे. २००८ मध्ये असे घडले होते. नवे जहाज मिळण्यास तीन वर्षे थांबण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

तिसरा प्रश्न : कर्ज किती? हे आकड्यांनी पाहू. दोन कल्पित कंपन्या घ्या. दोघींचे पाच पाच कोटी शेअर आहेत. पहिलीची जहाजे ९०० कोटींची, रोकड १५० कोटी, कर्ज ४५० कोटी. दुसरीची जहाजे ६०० कोटींची, रोकड १५० कोटी, कर्ज १५० कोटी. दोघींचे निव्वळ मूल्य ६०० कोटी, म्हणजे शेअरमागे १२० रुपये. कागदावर दोघी सारख्या. आता जहाजांच्या किमती शेकडा तीस उतरल्या असे माना. या धंद्यात ही काही मोठी घसरण नव्हे. पहिलीचे मूल्य ३३० कोटींवर, म्हणजे शेअरमागे ६६ रुपयांवर येते. दुसरीचे ४२० कोटींवर, म्हणजे ८४ रुपयांवर. एकीचे भागधारक शेकडा पंचेचाळीस गमावतात, दुसरीचे तीस. किमती चढल्या तर पहिली पुढे जाईल, हे खरे. परंतु मंदीत बँक दारात उभी राहते आणि नेमके पडत्या भावात जहाज विकावे लागते. ही सक्तीची विक्री हाच या धंद्यातील खरा मृत्यू होय.

रोजच्या खर्चाचाही असाच हिशेब मांडता येतो. समजा, जहाज चालविण्यास रोज ७ हजार डॉलर लागतात आणि कर्जाचे व्याज व हप्ता मिळून आणखी ८ हजार. भाडे रोज १२ हजारांवर आले, तर कर्जदार मालकाच्या खिशातून रोज ३ हजार जातात. वर्षाचे ३६० दिवस धरले तर एका जहाजामागे १० लाख ८० हजार डॉलर. बिनकर्जी मालक त्याच भाड्यात रोज ५ हजार मिळवीत असतो, आणि ते पैसे गाठीस बांधून पडत्या भावातील जहाजाची वाट पाहत असतो.

चौथा प्रश्न : भाड्याचे करार कसे आहेत? किती जहाजे फेरीच्या बाजारात आहेत आणि किती मुदतीच्या करारावर? मुदत केव्हा संपते? भाडेकरू कोण? तसेच कंपनीने स्वतः इतरांची जहाजे चढ्या दराने भाड्याने घेतली आहेत काय? हेही कर्जच होय, कधीकधी कर्जाहून घातक. दक्षिण कोरियाची हानजिन ही कंटेनर वाहतुकीतील जगातील सातव्या क्रमांकाची कंपनी. चढ्या दराने दीर्घ मुदतीसाठी घेतलेल्या जहाजांच्या भाड्याने तिची कंबर मोडली. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी तिने न्यायालयाचा आसरा मागितला. पैसे बुडतील या भीतीने बंदरांनी तिच्या जहाजांना आत घेतले नाही, आणि माल व खलाशी यांसह ती जहाजे भरसमुद्रात ताटकळत राहिली. १७ फेब्रुवारी २०१७ रोजी ती दिवाळखोर ठरविण्यात आली. भागधारकांच्या हाती काही उरले नाही.

पाचवा प्रश्न : चालक कसे आहेत? धर्म तेजा यांची जयंती शिपिंग कंपनी १९६१ मध्ये सरकारी कर्जाच्या बळावर झपाट्याने वाढली. आरंभी तिचे कौतुक झाले. पण पैशाच्या गैरव्यवहारांमुळे १९६६ मध्ये सरकारला तिचा कारभार हाती घ्यावा लागला आणि १९७३ मध्ये ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. जहाज ही कोट्यवधींची वस्तू परदेशात घेतली जाते, परदेशात विकली जाते, तिची दलाली परदेशात दिली जाते. म्हणून चालकांच्या नातेवाइकांशी किंवा त्यांच्या अन्य पेढ्यांशी झालेल्या व्यवहारांची टीप अहवालात प्रथम वाचावी. त्यानंतर दहा वर्षांचे अहवाल पुढ्यात घेऊन पाहावे की, यांनी जहाजे केव्हा घेतली आणि केव्हा विकली. मंदीत खरेदी आणि तेजीत विक्री करणारा चालक विरळा. तो सापडला तर त्याच्या शब्दापेक्षा त्याच्या तारखांवर विश्वास ठेवावा. जहाजविक्रीचा नफा आणि भाड्याचा नफा वेगवेगळा मांडलेला आहे ना, तेही पाहावे. कारण एक जहाज दोनदा विकता येत नाही.

आपल्या देशापुरत्या दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. 'भारताचा व्यापार वाढत आहे, तेव्हा भारतीय जहाज कंपन्या वाढणारच', असे पुष्कळ जण बोलतात. वस्तुतः हे अनुमान टिकत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या परदेशी व्यापारातील सुमारे चाळीस टक्के माल भारतीय जहाजांतून जाई. त्यानंतर व्यापार अनेक पटींनी वाढला, आणि भारतीय जहाजांचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली गेला. माल आपला असला तरी जहाज कोणाचे, हे जगाचा बाजार ठरवितो. दुसरी गोष्ट कराची. २००४ च्या कायद्याने जहाज कंपन्यांना नफ्याऐवजी जहाजांच्या टनभारावर कर देण्याचा पर्याय मिळाला. त्यामुळे तेजीत कर फार थोडा पडतो. परंतु या योजनेत नफ्याचा किमान पाचवा हिस्सा नवी जहाजे घेण्यासाठी राखीव ठेवावा लागतो. म्हणजे दिसणारा सारा नफा वाटता येत नाही, आणि तो पैसा कंपनी पुढे कोणत्या भावाने जहाजात घालते, यावर भागधारकाचे भवितव्य ठरते.

आता शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आतापर्यंत आपण कंपनीची पारख केली. तितकीच पारख घेणाऱ्याची व्हावयास हवी. ज्या घरातील कर्ता मुलगा जहाजावर आहे, त्या घराची रोजी आधीच समुद्रावर आहे. मंदी आली की जहाजे नांगरून पडतात, मोडीत जातात, नव्या नेमणुका लांबतात. जो खलाशी किंवा इंजिनिअर चार महिने घरी राहून पुन्हा जाणार असतो, तो आठ-दहा महिने घरी बसतो. अशा वेळी त्याने शिलकीला हात घालावा, तर तीही जहाज कंपनीच्या शेअरांत, आणि त्यांचा भाव निम्म्यावर! पगार आणि पुंजी एकाच वाऱ्याने हलणारी. आपले पूर्वज गलबतात माल भरताना तो एकाच कुशीला रचीत नसत, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. जहाजातले कळते म्हणून जहाजाचे शेअर घ्यावेत, या युक्तिवादाला माझे उत्तर हेच आहे. कळणे उपयोगी खरे; पण ज्याला ते कळते, त्याचेच पोट त्या धंद्यावर असेल, तर त्यानेच सर्वांत कमी घ्यावे.

ज्यांची रोजी समुद्रावर नाही, जे शिक्षक आहेत, वकील आहेत, सरकारी नोकरीत आहेत, त्यांनीही काही पथ्ये पाळावीत. मुलांच्या फीसाठी किंवा लग्नकार्यासाठी तीन-चार वर्षांत लागणारी रक्कम येथे आणू नये. कारण जहाजधंद्याचे चक्र कोणाच्या मुहूर्तासाठी थांबत नाही. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत. वर्तमानपत्रांत जहाजभाड्याचा उच्चांक झळकत असताना घाई करू नये. मालक जहाजे मोडीत काढीत आहेत, नव्या मागण्या कोणी नोंदवीत नाही आणि शेअरांचे नावही कोणी घेत नाही, अशा वेळी अभ्यासाला बसावे. विकत घ्यावयाचे झाले तर कमी कर्जाची, तरुण जहाजांची आणि स्वच्छ हिशेबाची कंपनी पाहावी, आणि ती रक्कम एकूण शिलकीचा लहानसा भाग असावी. इतके करूनही नुकसान होणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. मात्र जे नुकसान होईल, त्याने घर बुडणार नाही, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे.

मंडळाच्या चालकांना एक विनंती करून मी माझे भाषण आवरते घेतो. आपल्या वाचनालयात कथा-कादंबऱ्यांबरोबर चार-पाच कंपन्यांचे दहा दहा वर्षांचे वार्षिक अहवाल ठेवावेत. ते कंपन्यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. छपाईचा खर्च तेवढा करावा लागेल. महिन्यातून एका रविवारी आपल्यातील सनदी लेखापालांनी तरुणांना आणि विशेषतः घरचा हिशेब सांभाळणाऱ्या भगिनींना ते वाचण्यास शिकवावे. नवरा समुद्रावर असताना घरातील पैशाचा निर्णय बहुधा तीच घेत असते, आणि शेअर खपविणारा दलालही बहुधा तिच्याच दारी येतो. तिला कर्जाचा आकडा कोठे पाहावयाचा आणि जहाजाचे वय कोठे शोधावयाचे, एवढे जरी कळले, तरी या संमेलनाचे सार्थक झाले, असे मी समजेन.